हनन्याची भीती

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात: कोणी केले आणि कशाच्या बदल्यात? आम्हा ख्रिस्ती लोकांचीही नजर धर्मांतर करणाऱ्या त्या एका माणसावरच असते. तो कोण होता, कोण झाला, याच्या साक्षी आम्ही आवडीने ऐकतो. तो ज्या मंडळीत येतो तिने काय बदलायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

२५ जानेवारीला अनेक चर्चमध्ये पौलाच्या परिवर्तनाचा सण पाळतात. ख्रिस्ताच्या अनुयायांना बांधून आणायला शौल, म्हणजे पुढचा पौल, प्रमुख याजकाची पत्रे घेऊन दमास्कसला निघाला आणि वाटेत लखलखाटाने आंधळा झाला. मी नगरला संडे स्कूल घेते. मुलांना तो लखलखाट आवडतो, मला दमास्कसमधला शिष्य हनन्या जवळचा वाटतो.

त्या शौलाकडे जा, असे प्रभूने हनन्याला सांगितले. हनन्या निमूट उठला नाही. या माणसाने यरुशलेमात काय केले आणि इथे कशासाठी आला आहे, हे त्याने देवालाच ऐकवले. त्याची भीती खोटी नव्हती. स्तेफन या ख्रिस्ताच्या अनुयायाला दगडांनी ठेचले तेव्हा हाच शौल मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळत उभा होता. देव हनन्याला रागावत नाही, पण तुला काही होणार नाही असेही म्हणत नाही. पुन्हा 'जा' असेच सांगतो. हनन्या घाबरलेलाच गेला असावा. त्याने शौलावर हात ठेवले आणि त्याला 'भाऊ' म्हटले. शौलाचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला. भाऊ म्हणवून घेण्याजोगे शौलाने काहीच केले नव्हते. म्हणूनच मी याला कृपा म्हणते. आणि आमिषाचे म्हणाल तर शौलाच्या वाट्याला काय येणार, हे देवाने हनन्याला आधीच सांगून ठेवले होते: दुःख.

बाप्तिस्मा मागून येतो, याची साक्ष आपल्या मराठी मातीतही आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली वर्षे ताटातुटीची, सोवळ्याची आणि आतल्या झगड्याची होती. माणसामाणसांतली शिवाशिव देवाने घातलेली नाही, हे लक्ष्मीबाईंना आधी पटले. बाप्तिस्मा मागून आला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

आमची दारे आज तेवढी उघडी आहेत का? एका मंडळीत नाताळच्या कॅरल पार्टीवर पूर्वी धावून आलेला माणूस एका रविवारी उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसला. बाक हळूहळू रिकामा झाला. 'हा बघायला आलाय, नावे लिहून नेईल,' अशी कुजबुज झाली. शेवटी एक म्हातारी काठी टेकत त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडून तिने गीत दाखवले. मागाहून मी विचारले, 'मावशी, भीती नाही वाटली?' त्या म्हणाल्या, 'वाटली की. पण पुस्तक माझ्याकडंच होतं ना!'

त्या माणसाचे पुढे काय झाले, असे मला हटकून विचारतात. तो अजून अधूनमधून येतो. बाप्तिस्म्याचे त्याने काढलेले नाही, आम्हीही काढलेले नाही. दडपणाने किंवा लालूच दाखवून घडवलेल्या बदलाला मी परिवर्तन मानत नाही. घाई हेही दडपणच आहे.

भीती संपली की आज्ञा पाळू, असे म्हणणाऱ्याच्या हातून ती कधीच पाळली जात नाही. आणि कृपेवर प्रवचने देणाऱ्या आम्हा मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे: नव्या माणसाचे मन बदलले का, हे देव पाहील. त्याच्या शेजारी जाऊन बसणे हे आपले काम आहे.