आधी कॉलेज बघा

‘मुंबई की पुणे विद्यापीठ?’ या पत्रात लेखकाने १८५७ च्या मुंबई विद्यापीठाला जुनेपणावरून झुकते माप दिले आहे. पुण्याचे पडले १९४९ चे. पण बी.ए., बी.कॉम.ची बहुतेक मुले विद्यापीठांच्या कलिना किंवा गणेशखिंडीच्या आवारात शिकतच नाहीत, ती जातात संलग्न कॉलेजांत. सिंधुदुर्गातले कॉलेजही मुंबईचे आणि नाशिकचे पुण्याचे! तिथे प्राध्यापकांच्या जागा भरल्यात का, हे लेखकाने विचारायला हवे होते. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही त्याच्याच हाती; विद्यापीठाचा संबंध मुख्यतः पदवीपुरता. एम.एस्सी.ला मात्र विभाग बघूनच ठरवावे. आणि वसतिगृहाचे आधी विचारा. खोलीभाडे दोन्हीकडे कंबरडे मोडणारे आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, सावंतवाडी