ज्याची थट्टा, त्याचे तोंड

गॅसवर चहाचे आधण चढलेले असताना जो निवेदक परवानगी न मागता रेडिओतून स्वयंपाकघरात शिरतो, त्याने भक्तिगीते संपताच घरच्यांना हसवावे, यात गैर काही नाही; परंतु सरदारजीचे बारा, मद्राशाचे हिंदी, भैयाचे अडाणीपण आणि गुरख्याची शिट्टी एवढ्याच भांडवलावर हा व्यवसाय वर्षानुवर्षे चालावा, याला विनोदाचे दारिद्र्य म्हणावे लागते.

दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतील एक शिपाई, 23 सप्टेंबर 2007 रोजी 'इंडियन आयडॉल' ठरला, तेव्हा गुरखेच गाऊ लागले तर पहारा कोण देणार, अशा आशयाची कोटी दिल्लीतील एका खाजगी एफ. एम. केंद्रावरून झाली. ज्यांच्या पलटणींच्या पराक्रमाचे पोवाडे सरकारदरबारी गायिले जातात, त्यांच्यासाठी शहराने फाटकाजवळचे स्टूलच राखून ठेवले आहे, हे त्या कोटीत नकळत कबूल झाले. 28 सप्टेंबरला सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी पुकारावी लागली, लष्कर पाचारण करावे लागले. दंगलीची तरफदारी आम्ही करीत नाही. मात्र निव्वळ गंमत होती, हा खुलासाही आम्हांस मंजूर नाही.

शिखांच्या बाबतीत तर प्रांत आणि धर्म वेगळे काढताच येत नाहीत, कारण केश व पगडी हा त्यांचा पोशाख नसून श्रद्धा आहे. असल्या विनोदांविरुद्धच्या याचिकेवर, नागरिकांना नीतिनियम घालून देणे आपले काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले, आणि ते योग्यच झाले. हसण्यावर अंमलदार नेमून कोणाचे भले होत नाही. धर्माची थट्टा मराठीला नवी नाही. संत एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादात दोघेही परस्परांच्या आचारांची यथेच्छ टवाळी करतात, पण तेथे प्रत्येकाला उत्तर द्यायला तोंड आहे. सकाळच्या रेडिओवर ते एकट्या निवेदकालाच असते, आणि जाहिरातदाराचा विषय निघताच तेही कसे चटकन मिटते, हे श्रोत्यांनी कधीतरी लक्षपूर्वक ऐकावे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच दिला आहे. तेव्हा केंद्रचालकांना आमची एवढीच विनंती आहे, की ज्याची नक्कल सोमवारी केली, त्याला मंगळवारी तितकीच मिनिटे माइकसमोर बसवावे आणि निवेदकाची नक्कल त्याला करू द्यावी.