लॅपटॉपची बॅग

सकाळी गाडी काढायची, वाटेत कलीग्जना घ्यायचं, बॉसची लॅपटॉपची बॅग उचलायची. दिवसभर कामाच्या फेऱ्या. संध्याकाळी घरी जाताना ऑफिसातूनच पाण्याचे कॅन भरून न्यायचे. एकदम बोअरिंग रुटीन, नाही?

२९ ऑगस्ट २०२१ला काबूलमध्ये एका माणसाचा दिवस अस्साच गेला. फक्त त्याच्या पांढऱ्या टोयोटा कोरोलावर अमेरिकेचं ड्रोन सुमारे आठ तास नजर ठेवून होतं. बॅग दिसली, वाटलं स्फोटकं. कॅन दिसले, वाटलं स्फोटकं. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि वरून हेलफायर क्षेपणास्त्र सुटलं. दहा जण गेले. त्यातली सात लहान मुलं. आणि तो माणूस? चक्क एका अमेरिकन मदतसंस्थेचा कर्मचारी!

मान्य, तीनच दिवस आधी काबूल विमानतळावर आत्मघाती स्फोट झाला होता. १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण त्यात मेले होते. भीती खरी होती. पण भीती खरी असली म्हणून बॅगेतला लॅपटॉप बॉम्ब होत नाही ना, यार!

सुरुवातीला पेंटागॉनने छाती ठोकून सांगितलं, हल्ला योग्यच होता. मग पत्रकारांनी सीसीटीव्ही फुटेज शोधलं, त्या माणसाच्या सहकाऱ्यांना गाठलं आणि कॅनमध्ये पाणी होतं हे दाखवून दिलं. १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली. हवाई दलाच्या चौकशीत तर कळलं, की क्षेपणास्त्र सुटण्याच्या दोन मिनिटं आधी व्हिडिओत एक मूल दिसत होतं. तरी निष्कर्ष काय, तर कायदा मोडलेला नाही. डिसेंबरमध्ये जाहीर झालं : शिक्षा कुणालाच नाही.

आपल्याकडे क्लायंटला चुकीची फाइल गेली, तरी अप्रेझलपर्यंत ती पाठ सोडत नाही, बॉस!

माझा राग नेमका इथे आहे. मॉडर्न वॉर आपल्याला विकलं जातं ते ‘अचूक’ या शब्दावर. लास व्हेगासपासून तासाभरावर क्रीच नावाचा हवाई तळ आहे. तिथे बसून लोक हजारो किलोमीटरवरची ड्रोन चालवतात आणि शिफ्ट संपली की गाडी काढून घरी जातात. हायटेक आहे, प्रश्नच नाही. पण अचूक असतो तो नेम. माहितीचं काय? आकाशातून बॅग दिसते, बॅगेतलं दिसत नाही. आधीच संशय ठरला असेल, तर मग पाणीसुद्धा बारूद दिसतं.

२००१मध्ये अमेरिका अफगाणिस्तानात उतरली. ३० ऑगस्ट २०२१ला तिचं शेवटचं लष्करी विमान काबूलहून उडालं, तेव्हा सत्तेवर पुन्हा तालिबानच होते. म्हणजे वीस वर्षं त्या देशात राहून, निघायच्या आदल्या दिवशीही त्यांना तिथला एक साधा नोकरदार ओळखता आला नाही. दुसऱ्याच्या देशात सैन्य घेऊन घुसणाऱ्यांनी जगाला शहाणपण शिकवण्याआधी याचं उत्तर द्यावं.

आणि आपण? पुढच्या वेळी टीव्हीवरचा अँकर ‘अचूक हल्ला’ म्हणून ओरडला, की लगेच इम्प्रेस होऊ नका. एकच विचारा : बॅगेत काय होतं, ते कुणी पाहिलं होतं?