यंत्र काढणे म्हणजे दयामरण नव्हे

अमेरिकेत वृद्ध आईबापांचे श्वासाचे यंत्र काढण्यास मुलाने संमती दिली की आपलेच नातलग कुजबुजतात, ‘दयामरण दिले!’ आम्हां परिचारिकांना हा शब्द येथे मान्य नाही. यातना संपविण्यासाठी डॉक्टरने मुद्दाम मृत्यू घडविणे, हे दयामरण. ते या देशात बेकायदेशीर आहे.

१९७६ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या अर्जावरून बेशुद्ध कॅरन क्विनलनचे यंत्र काढू दिले. यंत्र निघाले, तरी ती स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जगली! मग यंत्र काढणे म्हणजे मारणे कसे? यंत्राविना मृत्यू आलाच, तर तो रोगाने येतो. सही करणाऱ्या लेकरांच्या माथी हत्येचा कलंक लावू नका.