खिशातला खडा



अकोला-नांदेड महामार्ग चौपदरी होऊ लागला आणि गावांच्या बाहेरून वळणरस्ते निघाले, तेव्हा जुन्या रस्त्यावर दुकाने असलेल्या आपल्या अनेक बांधवांच्या तोंडी एकच प्रश्न होता : आता गिऱ्हाईक थांबणार कुठे? हिंगोलीत ऐकलेला हा प्रश्न मला गेल्या एप्रिलमध्ये सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपापाशी पुन्हा आठवला.

चिरंजीव नोकरीनिमित्त तेथील फिनिक्स शहरी असतात. आम्ही उभयता तीन महिने त्यांच्याकडे होतो. एका शनिवारी पहाटे त्यांनी आम्हांला मोटारीने 'रूट ६६' दाखवावयास नेले. सूनबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, त्यामुळे वाटेत खाण्यापिण्याची चिंता नव्हती. शिकागो ते लॉस एंजेलिस असा सुमारे ३,९०० किलोमीटरचा हा रस्ता १९२६ साली नकाशावर आला. पुढच्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली शेतकरी कुटुंबे याच रस्त्याने पश्चिमेकडे पोट भरावयास गेली. वाटेवरची खेडी या वर्दळीवर बाजारपेठा झाली. मग शेजारून द्रुतगती महामार्ग झाले आणि १९८५ मध्ये रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून वगळण्यात आला. खाते बंद झाले, म्हणावयाचे. काही पेठा पर्यटकांवर तगल्या, काहींच्या नुसत्या पाट्या उरल्या.

या रस्त्याचा एक तुकडा 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि आमचा मुक्काम तोच होता. आम्ही उत्तरेकडील दाराने आत शिरलो. जिथून जुना रस्ता जात असे तिथे आज डांबर नाही. १९३२ सालची एक गंजलेली स्टुडबेकर मोटार उभी आहे आणि मागे टेलिफोनच्या जुन्या खांबांची रांग क्षितिजाकडे जाते. त्या रांगेवरूनच रस्ता ओळखावयाचा. नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, रस्ता कुणी नेला?" मला चटकन उत्तर सुचले नाही.

हे वाळवंट आपल्या थरच्या वाळवंटासारखे वाळूचे नव्हे. तांबड्या, गुलाबी, राखाडी मातीचे थरावर थर असलेल्या बोडक्या टेकड्या, आणि दक्षिणेकडे सरकावे तसतसे जमिनीवर पडलेले झाडांचे ओंडके. ओंडके लाकडाचे दिसतात. साल दिसते, गाठी दिसतात. हात लावला की कळते, हा दगड आहे. सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी ही झाडे नदीच्या पुरात वाहत येऊन गाळात गाडली गेली. ज्वालामुखीच्या राखेतील सिलिका पाण्यात विरघळून त्यांच्यात झिरपली आणि कालांतराने लाकडाच्या जागी गारगोटीच्या जातीचा दगड तयार झाला. लोह आणि मँगनीज यांनी त्याला लाल, पिवळा, जांभळा, काळा रंग दिला. जैसलमेरची जिनमंदिरे पाहावयास जाणाऱ्या वाचकांनी बाडमेर रस्त्यावरील आकल येथे अर्धा तास अवश्य काढावा. तिथेही असे अश्मीभूत ओंडके आहेत आणि यात्रेकरू सहसा तिकडे फिरकत नाहीत.

'क्रिस्टल फॉरेस्ट' या भागात पाऊण मैलाची पायवाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील ओंडके सुरुंग लावून फोडले जात, कारण काहींच्या पोटात जांभळे स्फटिक असत. ओंडके दळून घासकामाची पूड करण्यासाठी जवळच एक गिरणीसुद्धा उभारली गेली होती. सुदैवाने ती चालली नाही. अखेर १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या जागेस राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण दिले. १९६२ मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान झाले.

याच पायवाटेवर माझ्या हातून ते घडले. अंगठ्याच्या नखाएवढा एक लाल खडा पायाशी पडला होता. उन्हात धरून पाहिला. आतून पिवळी रेघ गेलेली. मंडळी पुढे गेली होती. मी तो खिशात टाकला.

अडतीस वर्षांच्या नोकरीत बँकेची टाचणीदेखील घरी आणली नाही, हे मी निवृत्तीच्या निरोप समारंभात अभिमानाने सांगितले होते. आता मन वकिली करू लागले. छहढाळ्यात दौलतरामजींनी श्रावकाला अदत्त वस्तूंपैकी पाणी आणि माती यांची सवलत दिली आहे. दगड म्हणजे मातीच की! शिवाय इथे असे खडे लाखोंनी पडले आहेत, एकाने काय बिघडते? हाताशी सवलत असली की तिचा अर्थ किती ताणता येतो, हे कर्जप्रकरणे पाहिलेल्या माणसास मी काय सांगावे! ती सवलत ज्या मातीवर कुणाची मनाई नाही तिच्यासाठी आहे, आणि इथे तर पायवाटेच्या तोंडाशीच मनाईची पाटी होती. ती मी वाचली होती.

दक्षिण टोकाला उद्यानाचे छोटे संग्रहालय आहे. तेथे एक वेगळीच हकिगत कळली. उद्यानातून खडे नेलेले लोक पुढे ते टपालाने परत पाठवितात, सोबत पत्र असते. १९३० च्या दशकापासून अशी पत्रे येत आहेत आणि उद्यानाने ती जपून ठेवली आहेत. कुणी लिहितो, खडा घरी आणल्यापासून आजारपण हटत नाही. कुणाची नोकरी गेली, कुणाचा संसार मोडला. वडिलांनी नेलेला दगड त्यांच्या पश्चात मुलांनी पाठविल्याचीही उदाहरणे आहेत. दगडाचा शाप लागतो यावर माझा विश्वास नाही; कर्माचा हिशेब ठेवावयास दगड लागत नाही. परंतु खिशातला तो खडा त्या क्षणी मला जड वाटू लागला, हे खरे.

मी चिरंजीवास बाजूला घेऊन सांगितले. तो काही बोलला नाही. दोघे मिळून तेथील गणवेशधारी कर्मचारी बाईंकडे गेलो आणि मी खडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शांतपणे विचारले, "नेमका कुठून उचललात?" क्रिस्टल फॉरेस्ट, एवढेच मला सांगता आले. पायवाटेवरची नेमकी जागा मला आठवेना. नातू मध्येच म्हणाला, "आपण परत जाऊन ठेवू या ना!" त्यावर बाईंनी मान हलविली. परत आलेले दगड पुन्हा उद्यानात ठेवता येत नाहीत. चुकीच्या जागी पडलेला एक तुकडाही संशोधकांची नोंद बिघडवितो. म्हणून असे सारे दगड एका आडवाटेला एकत्र टाकले जातात. पश्चात्तापाचा ढीग, अशाच अर्थाचे त्याला नाव पडले आहे. २१ कोटी वर्षे एका जागी राहिलेला खडा माझ्यामुळे आता त्या ढिगात जाणार होता. बँकेत चुकीची नोंद उलट नोंदीने दुरुस्त होते; इथे ती सोय नव्हती.

परतीच्या वाटेवर चिरंजीवाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती व्यापारी वाचकांच्या उपयोगाची आहे. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह याच उद्यानात पाट्यांचा प्रयोग केला. वाटेवर खुणा केलेले तुकडे टाकले. पूर्वी अनेकांनी येथून लाकूड नेले आहे, अशा आशयाची पाटी लावली असता सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले. 'कृपया नेऊ नका' अशा अर्थाच्या साध्या पाटीने ते प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिले. वर्षाकाठी १४ टन चोरी होते, हेही उद्यान पूर्वी पाटीवर सांगत असे. पुढे शंभर वर्षांपूर्वीची छायाचित्रे घेऊन त्याच जागी ताळा घेतला, तेव्हा बहुतेक ठिकाणी ओंडके जसेच्या तसे आढळले.

ऐकून मी ओशाळलो. १९९० च्या कर्जमाफीच्या सुमारास मी एका ग्रामीण शाखेत क्षेत्र अधिकारी होतो. वसुली व्हावी म्हणून चावडीवर सूचना लावली, की गावातील निम्म्याहून अधिक खातेदार थकबाकीदार आहेत. मसुदा माझाच होता. आठवड्याने दर हंगामास नियमित हप्ता भरणारे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "साहेब, मग मी एकट्यानेच का भरावे?" त्या वर्षी त्यांनी भरले नाही. त्या सूचनेतली चूक मला पस्तीस वर्षांनी, ॲरिझोनाच्या रस्त्यावर कळली.

जवळच्या होलब्रुक गावात जुन्या रूट ६६ वर असेच अश्मीभूत लाकूड उघडपणे विकणारी दुकाने आहेत. उद्यानाबाहेरील खासगी जमिनीतून काढलेल्या मालाच्या विक्रीस तिथे कायद्याची आडकाठी नाही. चोरीचा माल विकत घेणे हाही अचौर्यव्रताचा अतिचार, म्हणून मी दुकानदारास माल कुठला, हे दोनदा विचारले. म्हातारा रागावला नाही. जमीन कुणाची, ते त्याने सांगितले, पावती फाडली आणि ती जपून ठेवा असे बजावले. रस्ता वगळला गेल्यावरही तिथेच टिकून राहिलेला दुकानदार होता तो. सूर्यास्ताला तासभर उरला होता, त्याच्याच ओट्यावर बसून आम्ही उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

तो विकतचा तुकडा आता हिंगोलीच्या घरी काचेच्या कपाटात आहे. पाहुणे हातात घेऊन पाहतात, लाकूड की दगड म्हणून वाद घालतात. त्याखाली घडी घालून ठेवलेली पावती सौ. प्रत्येकाला काढून दाखविते. अगोदरच्या खड्याची गोष्ट मात्र नातूच सांगतो, फोनवरून, आणि एकही तपशील गाळत नाही.