नवा रेडिएटर, जुने पाणी

उन्हाळ्याची सुटी लागली की लोणी काळभोरच्या घराघरांतून गाड्या बाहेर पडतात. कुणाची नानी सोलापूरला, कुणाची फुफी साताऱ्याला. गाडी बहुधा सेकंडहँड घेतलेली, आत सहा माणसे, मांडीवर जेवणाचे डबे, एसी सुरू आणि बाहेर चाळिशीचे ऊन. अशा वेळी यवतच्या पुढे किंवा खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला, की सगळ्या सहलीचा रंग उडतो. गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट जाते, इंजिनचे हेड वाकते आणि रेडिएटरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

यावर बहुतेकांचा उपाय एकच असतो : नवा रेडिएटर बसवायचा. थोडेफार पाने-पकड हाताळणाऱ्याला हे काम अंगणात एका रविवारी जमते. पण रेडिएटर नवा आणि आतले पाणी जुनेच, असे केले तर वर्षभरात पुन्हा तेच दुखणे येते.

आपला हा भाग काळ्या पाषाणाचा. विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे पाणी तापले की क्षार वेगळे होऊन चिकटतात. बंबाच्या आत किंवा गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच थर वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातलेल्या गाडीत बसतो. रेडिएटरच्या नळ्या अतिशय बारीक असतात. १९०० साली जर्मनीत विल्हेल्म मेबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी ८,०७० छोट्या चौकोनी नळ्यांचा रेडिएटर बनवला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे : पाण्याची उष्णता जास्तीत जास्त पृष्ठभागावरून वाऱ्याला द्यायची. नळ्यांत क्षार आणि गंज बसला की ही देवाणघेवाण थांबते.

आधी दुखणे ओळखा. गाडी पळताना ठीक आणि गर्दीत तापत असेल, तर दोष बहुधा पंख्यात असतो. तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामी येते, त्या दिवशी महामार्गावर गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात. तेव्हा वाऱ्याची सारी भिस्त पंख्यावर असते. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. तिथे घरचे काम थांबवून मेकॅनिकला बोलवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे गाडी न चालवणाऱ्या अम्मी-आपांनी व मुलांनीही लक्षात ठेवायचे. रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. त्याचे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनवर झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. रस्त्यात गाडी तापली, तर बाजूला घेऊन बंद करा, मुलांना सुरक्षित जागी उतरवा आणि थांबा. अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल. वरचा होज पाइप हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात नको. घरच्या कामासाठीही गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सुरुवात करावी.

सामान आधी आणा. रेडिएटर घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल हे सांगा. जोडीला नवे होज पाइप, क्लिपा, झाकण, मॅन्युअलमध्ये सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन. बॅटरीत घालतो ते हेच पाणी.

जुना रेडिएटर काढण्याआधी धुलाई करायची. इंजिनातली घाण नव्या रेडिएटरमध्ये जाऊ नये, हे त्यामागचे कारण. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. झाकण उघडा, खाली घमेले ठेवा आणि तळाचा बूच किंवा खालचा होज काढून पाणी सोडा. बूच लावून साधे स्वच्छ पाणी भरा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, झाकण लावून इंजिन चालवा. वरचा होज चांगला गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी सगळीकडे फिरू लागले. इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, पाणी सोडा. बाहेर पडणारे पाणी नितळ दिसेपर्यंत हे करत राहा. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची. प्रत्येक वेळी थंड होण्याची वाट पाहावी लागते, म्हणूनच दिवस मोडतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक फिरतो आणि बोटे जातात. पंख्याचा प्लग, दोन्ही होज आणि वरच्या पकडी सोडवा. होज निघत नसेल तर पिळून सैल करा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले तर प्लास्टिकची नळी तुटते. पुढे एसीची जाळी असते, तिचे पाइप उघडायचे नाहीत, आत दाबाखाली गॅस असतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत रेडिएटरला ऑइलचे पाइप जोडलेले असतील, तर ते काम मेकॅनिकवर सोपवा. नवा रेडिएटर रबरी बुशांवर नीट बसवा, होज पूर्ण आत सरकवून क्लिपा आवळा.

कूलंट दोन तऱ्हांचा मिळतो. तयार मिश्रण तसेच ओतायचे. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचा. कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि आतल्या धातूला गंज चढत नाही. केवळ हिरवा किंवा लाल रंग पाहून निवडू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. सावकाश भरा, वरचा होज हाताने दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. बॅटरी जोडून इंजिन सुरू करा, पंखा आपोआप लागेपर्यंत चालू ठेवा आणि गळती तपासा. थंड झाल्यावर पातळी पाहा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी पुन्हा पाहा, कारण अडकलेली हवा निघाली की पातळी उतरते.

घमेल्यातल्या जुन्या कूलंटचे काय? तो आणि धुलाईच्या पहिल्या फेऱ्यांचे पाणी गटारात ओतू नये, अंगणात तर नाहीच. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड आणि परिणाम घातक. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करू शकते. गल्लीतली तहानलेली मांजर, कुत्रा किंवा रांगणारे मूल यांना ते सरबतासारखे वाटते. आपली गाडी थंड राहावी म्हणून कुणाचा जीव जाऊ नये. जुना कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. घमेलेही पुन्हा घरात वापरू नका.

शेवटी एका कागदावर तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा प्रकार लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. त्याखाली लिहा : ‘बोअरचे पाणी घालू नये.’ गाडी उद्या भावाने नेली किंवा मुलाने, पंपावर कुणी नळाची बादली पुढे केली, तर हा कागद कामाला येईल.