कवचाबाहेर येण्यासाठी

७ एप्रिल २०१७ हा दिवस दोन कारणांसाठी लक्षात राहावा. त्या दिवशी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ जाहीर झाले आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हा निव्वळ योगायोग. पण दोहोंचे सांगणे एकच होते : जीव देऊ पाहणारा माणूस अपराधी नसतो, त्याला आधार हवा असतो.

'कासव'मधील तरुण (आलोक राजवाडे) आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी (इरावती हर्षे) त्याला कोकणातील घरी आणते. ती त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करीत नाही, उपदेशही करीत नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी जपली जातात. पिल्ले मात्र आपल्याच पायांनी समुद्राकडे निघतात. संरक्षण द्यावे, चालणे ज्याचे त्याला चालू द्यावे, असा या रूपकाचा अर्थ. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे हे या चित्रपटाचे निर्माते आहेत, हेही लक्षणीय.

कायदा २०१८मध्ये अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे त्याच्या ११५व्या कलमाने गृहीत धरले. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आली आणि असा प्रयत्न गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे ३०९वे कलम इतिहासजमा झाले. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र आजही गुन्हाच आहे.

कायदा बदलला, परिस्थिती किती बदलली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक समुपदेशक नेमण्यास सांगितले. पद भरणे सोपे आहे. विद्यार्थ्याला निर्धास्तपणे बोलता येईल असा एकांत आणि त्याचे बोलणे बाहेर जाणार नाही ही खात्री देणे अवघड आहे.

'कासव'मधील तरुणाला समुद्रकाठचे घर आणि हवा तेवढा वेळ मिळाला. वसतिगृहाच्या खोलीत परीक्षेचे दिवस मोजणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण तो फिरविण्याचे बळ येण्यासाठीही कुणीतरी आधी शेजारी बसावे लागते. ती जबाबदारी कायद्याची नव्हे, आपली आहे.